मुलांच्या आईसाठी शाल

पुएब्ला, मेक्सिको
४ ऑक्टोबर १९७३

ति. अक्कास गंगाधरचा शरणार्थ.

मागच्या वर्षी माझ्या लग्नाचं कळवलं तेव्हा तू चार महिने उत्तर दिलं नाहीस. या पत्राला तरी लवकर दे, कारण बातमी चांगली आहे. नंदी आणि बसूला मी इकडं बोलावून घेतो आहे. बसूच्या बाळंतपणात नीला गेली, तेव्हापासून दोघांचं सगळं तूच केलंस. सख्खी आई करणार नाही एवढं केलंस. पण आणखी किती दिवस तुझ्या गळ्यात ठेवायची?

गिरणीत माझं बस्तान बसलं आहे. मागांची जोडणी सगळी माझ्या हाताखाली चालते. आम्ही सोलेदादच्या आईच्या घरी राहतो. घर मोठं आहे, मागच्या अंगाला एक खोली रिकामी पडली आहे. सोलेदाद मुलांना ठेवून घ्यायला तयार आहे. तिची अट एकच, आणि ती काही गैर नाही. घरातली कुठली वस्तू कुठं असते, कुठून आणायची, कुठं ठेवायची, एवढं मुलांना स्पॅनिशमधून कळलं पाहिजे. इथं घरात दुसरी भाषाच कुणाला येत नाही.

शब्द लिहितो. दोंदे एस्ता म्हणजे कुठं आहे. आकी म्हणजे इथं. कुबेता बादली, एस्कोबा केरसुणी, मेसा टेबल, सिया खुर्ची, कामा पलंग, पुएर्ता दार. एन्सीमा म्हणजे वर, देबाहो खाली, आदेंत्रो आत, देत्रास मागं, आल लादो शेजारी. तू मास्तरीण आहेस, कसं शिकवायचं ते मी काय सांगणार? फक्त वस्तू आणि जागा, बाकीच्या नादी लागू नकोस. पुढच्या जूनपर्यंत तिकिटांची सोय करतो.

तुझा,
गंगाधर

भवानी पेठ, सोलापूर
२ नोव्हेंबर १९७३

चि. गंगाधर,

अक्काचा आशीर्वाद. तो काही तुझ्या वागण्यावर अवलंबून नाही.

पोस्टमन आला की पत्र नंदीनं फोडायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. पोरीचं वाचन सुधारावं म्हणून मीच घातलेला. तेव्हा तुझी चांगली बातमी मला तिच्याच तोंडून कळली. 'तुझ्या गळ्यात ठेवायची' हे तिनं दोनदा वाचलं. पहिल्यांदा अडखळली होती म्हणून.

पोरं तुझी आहेत, मी नाही कशी म्हणणार? दुधनीच्या चनमल्लप्पांचं स्थळ आलं होतं तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं की भावाची मुलं भावाकडं जाऊ देत. मी स्थळ परत पाठवलं. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे हो. बसू तेव्हा माझा पदर धरून उभं राहायला शिकत होता, आणि पदर सोडवून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. आता तो पाच वर्षांचा झाला आणि तूच सोडवून घेतोयस. घे बाबा.

शिकवायला सुरुवात केली आहे. पण तू मेसा आणि सिया लिहून पाठवलीस, आपल्या घरात टेबल-खुर्ची आहे कुठं? मग पाण्याची घडवंची तीच मेसा केली, पाटाला सिया म्हटलं, आणि बाजेला कामा. सगळ्यांवर खडूनं नावं टाकली आहेत. मी काहीतरी लपवते आणि 'दोंदे एस्ता?' विचारते. पोरं हुडकतात, मग सांगतात. बसू पहिल्या दिवशी हसून हसून लोळला. आकी म्हणजे इथं म्हटलं तर म्हणतो, "अक्की म्हंजे तांदूळ की!" शेजारच्या ईरम्माच्या घरात त्याचा अर्धा दिवस जातो, तेव्हा कन्नड आधीच डोक्यात बसलंय. ईरम्मा दारातून ऐकते आणि विचारते, "पोरास्नी कसला मंतर शिकवायलीस गं बाई?"

नंदीची एक तक्रार आहे. "आत्या, ह्यात खेळायचं कायच न्हाय. बादली, केरसुणी, दार. तितं चेंडू नसतो व्हय?" तेवढं कळव. आणि बापाला तिकडं काय म्हणतात ते लिहायचं विसरलास. विमानातून उतरल्यावर पोरांनी तुला काय कुबेता म्हणून हाक मारायची?

अक्का

पुएब्ला
२५ नोव्हेंबर १९७३

ति. अक्कास शरणार्थ.

तुझ्या बोलण्यातली धार काही जात नाही. पण शिकवते आहेस हे वाचून बरं वाटलं. चेंडूला पेलोता म्हणतात. आणखी शब्द देतो. यावे किल्ली, बासो पेला, प्लातो ताटली, हाबोन साबण, कानास्ता टोपली. 'आणून दे' ला त्राए आणि 'ठेव' ला पोन. हे दोन नीट पाठ करून घे, रोज लागतील.

नात्याचे शब्द इथं आल्यावर आपोआप येतील. आत्ता उगाच गोंधळ नको.

सोलेदादची आई विचारते की मुलं दिसायला कशी आहेत. एक चांगला फोटो काढून पाठव. नंदीला केस नीट विंचरायला सांग.

गंगाधर

सोलापूर
२४ जानेवारी १९७४

चि. गंगाधर,

फोटो सोबत आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत काढला. मागं विमान रंगवलेला पडदा आहे, तो बसूनं निवडला. नंदीच्या मांडीवर आहे ती नीलाची तसबीर, ती तिनं निवडली. घरातून निघतानाच तिनं ती भिंतीवरून उतरवली, चंदनाच्या हारासकट. गर्दीत काच फुटेल म्हटलं तर ऐकेना. "आई पण येऊ दे की फोटोत. तिला नको व्हय विमानात बसायला?" आता यावर काय बोलशील? फोटोवालाच बिचारा हार सरळ दिसावा म्हणून पुढं येऊन नीट करून गेला.

पोरं चलाख आहेत हो तुझी. नळाला पाणी नसलं आणि रांजण कोरडा असला की बसू त्यात शिरतो आणि आतून "आदेंत्रो! आदेंत्रो!" ओरडतो. नंदी तर आता वाक्यच्या वाक्य बोलते. "ला कुबेता एस्ता देत्रास दे ला पुएर्ता." बादली दारामागं आहे, बरोबर ना? माझी शाळेतली पोरं चार वर्षांत एवढं इंग्रजी शिकत नाहीत.

पण मला विचारशील तर जीव जळतो. परवा केर काढायला वाकले आणि मनात आपोआप एस्कोबा आलं. तीस वर्षं ज्या वस्तू मी हाताळल्या, त्यांची नावं पोरांसाठी बदलून बसले आहे. जूननंतर ही नावं मी कुणाशी बोलू? ईरम्माशी? तिला वाटतं मला लागीर झालंय. तुला हे सांगून उपयोग नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

आणि हे 'आण' नि 'ठेव' एवढं कशाला पाठ करून घेतोस? लेकरं येताहेत की गडीमाणसं? बापाचा शब्द तू कळवलाच नाहीस. नंदीनं आपल्या मनानं पप्पा ठरवून टाकलं आहे. तुझा लग्नाआधीचा फोटो कोनाड्यात ठेवून बसूला विचारते, "दोंदे एस्ता पप्पा?" तो बोट दाखवून "आकी" म्हणतो.

अक्का

पुएब्ला
२० फेब्रुवारी १९७४

ति. अक्कास शरणार्थ.

फोटो मिळाला. सगळ्यांना आवडला. सोलेदादनं तो चौकट करून समोरच्या खोलीत लावला आहे.

तिनं एक शाल विणून घेतली आहे, इथं तिला रेबोसो म्हणतात. 'मुलांच्या आईसाठी' अशी चिठ्ठी तिनं त्यावर टाचली आहे. फोटो बघून तिच्या मनात आलं. गिरणीतला एक गुजराती इंजिनियर मुंबईला निघाला आहे, तो तिथून पोस्टानं पाठवेल. मिळाली की ठेवून घे. फार काही लिहायची गरज नाही.

नंदीनं ते पप्पा वगैरे ठरवलं आहे ते आत्ता राहू दे. पोरांच्या तोंडात एकदा बसलं की निघत नाही. मी सविस्तर नंतर लिहीन.

गंगाधर

सोलापूर
१९ मार्च १९७४

चि. गंगाधर यास आणि चि. सौ. सोलेदाद हिला अक्काचे अनेक आशीर्वाद.

आज पहिल्यांदा तिचं नाव लिहिते आहे. आतापर्यंत लिहिलं नाही, कारण मनात अढी होती. ती आज गेली.

शाल परवा आली. निळी, काठाला बारीक गाठींची जाळी. एवढं गाठींचं काम आपल्या चादरीवाल्यांनाही जमायचं नाही. आणि चिठ्ठी. नंदीनं वाचली, "पारा ला मामा दे लोस निन्योस." तू अर्थ कळवला होतास म्हणून कळलं. गंगाधर, मी तिथंच खाली बसले रे. आपल्याकडं दुसरेपणाची सून घरात आली की आधी सवतीच्या नावानं लुगडं ठेवते, तिचा मान तिला देते, आणि मगच स्वतः नवं नेसते. आपल्या मावशीनं असंच केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ती मावशी होती, तिला सासूनं सांगितलं होतं. हिला कुणी सांगितलं? सात समुद्रापलीकडची पोर, तिचा देव वेगळा, धर्म वेगळा, आणि तिनं फोटोत हार घातलेली नीला बघितली आणि सवतीचा मान पाठवला! आपल्या जातीतल्या किती जणींना हे सुचलं असतं?

मी मान तसाच केला. शाल पाटावर नीलाच्या तसबिरीपुढं ठेवली, हळदीकुंकू लावलं, पुरण घातलं. पेठेतल्या पाच सवाष्णी बोलावल्या. ईरम्मा पदर डोळ्याला लावून म्हणाली, "गंगाधरनं बाई चांगली बघितली गं." नंदीनं तसबिरीला विचारलं, "आई, शाल दोंदे एस्ता?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "आल लादो." बाजूलाच आहे म्हणून.

मी तुला वाकडं बोलले, ते मनावर घेऊ नकोस. जिला मेलेल्या सवतीची आठवण राहते ती जित्या लेकरांना उपाशी ठेवणार नाही. आता माझी ना नाही. जूनमध्ये मी स्वतः मुंबईपर्यंत सोडायला येईन. रडेन, पण सोडीन.

सोलेदादला हे सगळं नीट समजावून सांग. सांग की तुझा मान पोचला.

अक्का

पुएब्ला
१६ एप्रिल १९७४

ति. अक्कास शरणार्थ.

तुझं पत्र वाचलं. कसं लिहावं कळत नाही, पण आता लिहिलंच पाहिजे. शांतपणानं वाच.

शालीचं तू समजलीस तसं नाही. सोलेदादला नीला माहीत नाही. लग्नाआधी मी बिजवर आहे, दोन मुलं आहेत असं सांगितलं असतं तर तिच्या आईनं मला उंबऱ्यात उभं केलं नसतं. म्हणून मी सांगितलं की बहीण विधवा आहे, तिची दोन मुलं आहेत आणि त्यांचं मला बघायचं आहे. त्यांनी तेवढ्यावर मला चांगला माणूस ठरवलं. फोटो आला तेव्हा मांडीवरची बाई कोण म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, हीच माझी बहीण. हाराचं विचारलं तर आमच्याकडं सणाला घालतात म्हणून सांगितलं. ती शाल तुझ्यासाठी आहे.

आता तिचा हट्ट आहे की शाल पांघरून मुलांच्या आईचा फोटो आला पाहिजे. तेव्हा एवढं कर. ती शाल घे, मुलांना दोन बाजूला घे आणि एक फोटो काढ. तसबिरीतला चेहरा फोटोत नखाएवढा आला आहे, तू आणि नीला यात तिला फरक कळायचा नाही. तिला आपल्याकडच्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात. फक्त हार घालू नकोस.

आणि मुलांनी मला मामा म्हणावं. इथला शब्द तियो. नंदी शहाणी आहे, तिला तू समजावलंस तर ती बसूला समजावेल. जूनच्या आत सवय होऊ दे. मी काही त्यांना टाकत नाही अक्का, जवळच आणतोय. नावात काय आहे?

तुझा गंगाधर

सोलापूर
९ मे १९७४

गंगाधर,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

तुझं पत्र नंदीनं वाचलं. नियम मी घातलेला, मोडायचं सुचलंच नाही. माझ्या हातात पीठ होतं, मी भाकरी थापत ऐकत होते. 'सोलेदादला नीला माहीत नाही' इथं माझा हात थांबला. 'मुलांनी मला मामा म्हणावं' इथं ती थांबली. मी म्हटलं, पुरे, दे इकडं. तिनं दिलं नाही. शाळेत धडा अर्धा सोडायचा नाही असं मीच शिकवलंय ना? तिनं 'तुझा गंगाधर' पर्यंत वाचलं, घडी घातली आणि मला विचारलं, "आत्या, मग आमचे वडील कोण हायत?"

सांग, काय सांगू? भाकरी तव्यावर करपून गेली.

आणि माझं काय केलंस तू? एवढ्या वर्षांत जे कुणाला जमलं नाही ते तू मेक्सिकोत बसून जमवलंस. मला नवरा दिलास, दोन लेकरं दिलीस, आणि लगेच विधवाही केलंस. अरे, तो कोण होता, काय करत होता, कशानं मेला, एवढं तरी कळव. लोकांनी विचारलं तर सांगायला नको? चनमल्लप्पा होता का? ज्या पोरांसाठी मी लग्न केलं नाही, त्याच पोरांची आई म्हणून तू मला पांढरं कपाळ दिलंस. अक्षता तरी पाठवायच्या होत्यास चार.

नीलाचं तर विचारूच नको. रोज फुलं मिळत नाहीत म्हणून मी तिला चंदनाचा हार केला होता. तो तू सणाचा केलास. ती तुझा मुलगा जन्माला घालताना गेली आणि तू तिला तुझी बहीण केलीस! जीभ झडली कशी नाही? आणि मी मूर्ख बाई, पाच सवाष्णी बोलावून त्या शालीला हात जोडले. सवतीचा मान म्हणून! तुझ्या सोलेदादचा मला राग नाही. बिचारीनं चांगल्या मनानं पाठवली. फसवलंस तू तिलाही, मलाही.

आता सगळं उजेडात आलं. बादली आणि केरसुणी आधी का आली, आणि बाप शेवटपर्यंत का आला नाही. मागच्या अंगाची रिकामी खोली कुणासाठी, तेही. मामाच्या घरी आश्रयाला आलेली विधवेची पोरं. त्यांना लागतं काय? हे कुठं आहे ते आण, ते कुठं ठेवू ते विचार. आणि ते मी शिकवत होते रे, खडूनं लिहून, कौतुकानं!

शाल मी पांघरणार नाही. फोटो काढणार नाही. पोरं पाठवणार नाही. पण एक सांगते, आणि हे शांतपणानं सांगते. तू ये. बाप म्हणून ये, तिला खरं सांगून ये, आणि बाप म्हणून त्यांचा हात धरून ने. मी रडत मागं मुंबईपर्यंत येईन पण अडवणार नाही. नंदीलाही मी हेच सांगितलंय की ते येतील. ती वाट बघते आहे. मामा म्हणून येणार असशील तर येऊ नकोस, माझ्या घरात मामाला जागा नाही.

दाक्षायणी

पुएब्ला
२ जून १९७४

ति. अक्कास शरणार्थ.

तू एवढी चिडशील असं वाटलं नव्हतं. येणं मला शक्य नाही. सोलेदादला दिवस गेले आहेत. अशा वेळी तिला खरं सांगितलं तर ती कोलमडेल आणि तिची आई मला घराबाहेर काढेल. मग मी कुठं जाऊ? गिरणीतली जागासुद्धा तिच्या मामाच्या शब्दानं मिळालेली आहे.

मुलांना पाठव. तिकिटं निघाली आहेत. एकदा ती इथं रुळली की मी हळूहळू सांगेन, वर्ष-दोन वर्षांत. मामा म्हटल्यानं रक्त बदलतं का? तुला तुझा मान मोठा वाटतो, त्यांचं भलं दिसत नाही. तिथं रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन त्यांचं काय होणार आहे?

नंदीला सांग की मी बोलावलंय. आणि काहीही झालं तरी तो फोटो पाठव. सोलेदाद रोज विचारते, आता तिला संशय येईल. एवढं तरी कर माझ्यासाठी.

गंगाधर

भवानी पेठ, सोलापूर
३० जून १९७४

ति. गंगाधरमामा यांस महानंदाचा शरणार्थ.

तुमचं पत्र मी वाचलं. हे पत्र मी आपल्या मनानं लिहिते आहे, कुणी सांगितलेलं नाही. शुद्धलेखन तेवढं तपासून घेतलं आहे.

मी आता पाचवीत गेले. बसूला शाळेत घातलं. तुम्ही येणार म्हणून मी महिनाभर बसूला सांगत होते. आता नाही येणार असं सांगितलं. तो थोडा रडला. मग खेळायला गेला.

आम्ही तिकडं येणार नाही. तिकिटं परत करावीत.

तुम्ही शिकवायला सांगितलेले शब्द अजून येतात. घरातलं सगळं जागच्या जागी आहे. कुबेता पुएर्ताच्या देत्रास आहे. बासो मेसाच्या एन्सीमा आहे. तुमचा फोटो कोनाड्यात होता. बसूनं तो खेळताना ट्रंकेच्या देबाहो लपवला आणि मला हुडकायला सांगितलं. मला सापडला होता, पण मी सापडला नाही म्हटलं. मग खेळ संपला. आता तो तिथंच आहे.

तुम्हाला हवा होता तो फोटो सोबत पाठवते. आत्या शाल पांघरायला तयार नव्हती. फोटोवाल्याच्या दारातून दोनदा परत फिरली. मी म्हटलं, तुला नको असेल तर पांघरू नकोस, पण मला तुझ्याशेजारी बसून फोटो पाहिजे. मग पांघरली. तुम्ही लिहिलं होतं तसा हार घातलेला नाही. थोरल्या आईची तसबीर यावेळी नेली नाही, ती घरी भिंतीवर आहे. तिला आम्ही सांगून गेलो होतो.

फोटो मामींना दाखवा. त्यांना सांगा की शाल मुलांच्या आईला पोचली. तुम्ही त्यांना खोटं सांगितलं असं आत्या म्हणत होती, पण आता ते खोटं राहिलेलं नाही. आम्ही आत्याला आई म्हणायला लागलो. बसूनं पहिल्यांदा हाक मारली तेव्हा ती रागावली. म्हणाली, "असं म्हणायचं नसतं, मी आत्या हाय." दुसऱ्यांदा मारली तेव्हा भाकरी थापत राहिली. तिसऱ्यांदा ओ दिली.

मामींना आमचा दोघांचा शरणार्थ. त्यांनी जड बादली उचलू नये असं आईनं सांगितलं आहे. बाळ झालं की कळवावं. मामेभाऊ झाला की मामेबहीण, बसू विचारतो आहे.

आपली भाची,
महानंदा दाक्षायणी